शब्दशंका : पैसे पाण्यात गेले, पाण्यासारखे नव्हे

प्रश्न : ‘पैसा पाण्यासारखा ओतला’ आणि ‘पैसे पाण्यात गेले’ यांचा अर्थ एकच ना?

उत्तर : नाही, आणि ही गल्लत फार होते. ‘पाण्यासारखा’ म्हणताना भर प्रमाणावर असतो. मुलाच्या आजारपणात बापाने पैसा पाण्यासारखा ओतला, असे आपण म्हणतो. त्यात वाया घालवल्याचा ठपका नाही. ‘पाण्यात जाणे’मध्ये रक्कम किती हे गौण, बदल्यात काही हाती लागले नाही हे मुख्य. स्वस्तातली छत्री पहिल्याच पावसात मोडली तरी पैसे पाण्यातच गेले.

क्रियापदही बघा. ‘पाण्यात गेले’ म्हटले की दोष कुणाच्याच माथी येत नाही, ‘पाण्यात घातले’ म्हटले की घालणाऱ्यावर येतो. ‘बुडाले’ मात्र उसने दिलेले किंवा गुंतवलेले पैसे परत न आले तरच. उधारी बुडते, छत्रीचे पैसे बुडत नाहीत. ‘भुर्दंड’ मनाविरुद्ध पडतो: गाडी चुकली, दुसरे तिकीट काढावे लागले. फसवणुकीतून शहाणपण आले असेल, तर ते पैसे ‘अक्कलखाती जमा’. जमाखर्चाच्या वहीतून आलेला हा शब्दप्रयोग फार नेमका आहे, तो टिकायला हवा.

‘उधळणे’ म्हणताना गुलालासारखे मुठी भरभरून चहूकडे फेकण्याचे चित्र डोळ्यांपुढे येते. म्हणून एकाच चुकलेल्या खरेदीला ‘उधळपट्टी’ म्हटले की कानाला खटकते. उधळपट्टीत सातत्य लागते. त्या एका खरेदीला ‘अनाठायी खर्च’ म्हणावे. ठायी म्हणजे ठिकाणी. जो योग्य ठिकाणी झाला नाही तो अनाठायी. (‘अनाठाई’ असे लिहू नये.)

प्रश्न : ‘चार आण्याची कोंबडी, बारा आण्याचा मसाला’ ही म्हण कोणत्याही महाग गोष्टीला चालते का?

उत्तर : चालत नाही. मूळ वस्तू आणि तिच्यापायी होणारा वरखर्च, अशा दोन गोष्टी समोर असाव्या लागतात. आणि दुसरीने पहिलीला मागे टाकायला हवे. जुन्या रुपयाचे सोळा आणे होत. 1957 साली दशमान नाणी आली. जुन्या सोळा आण्यांच्या हिशेबाने कोंबडी पाव रुपयाची आणि मसाला पाऊण रुपयाचा, म्हणजे तिप्पट. साध्या घड्याळाची दुरुस्ती नव्या घड्याळापेक्षा महाग पडली, तर म्हण चपखल बसते. घड्याळच महागडे असेल, तर नाही.

प्रश्न : बातमीत ‘निधीचा अपव्यय’ लिहावे की ‘अपहार’?

उत्तर : अपव्यय म्हणजे वाईट तऱ्हेने केलेला खर्च, अपहार म्हणजे पैसे हडपणे. दुसरा शब्द थेट गुन्ह्याचा आरोप आहे. निधी नको त्या कामावर गेला, एवढेच ठाऊक असेल तर अपव्यय लिहा.