अल्प्राझोलमवरून डायझेपामवर जाताना सगळ्या गोळ्या एकाच दिवशी बदलल्या तर चालतं का?

तुम्ही लिहिलंय की वडील बरीच वर्षं अल्प्राझोलम ही चिंता-झोपेची 0.5 मिलिग्रामची गोळी दिवसातून तीनदा घेतात. ते हळूहळू बंद करायचं म्हणून डॉक्टरांनी आधी त्याच गटातल्या डायझेपामवर न्यायचं ठरवलंय आणि तुम्हाला उद्यापासूनच तिन्ही गोळ्या बदलून टाकायच्या आहेत. मी मानसोपचारतज्ज्ञ आहे. कळकळीनं सांगते, असं करू नका.

या औषधांत मिलिग्रामला मिलिग्राम जुळत नाही. अल्प्राझोलम 0.5 म्हणजे ढोबळमानानं डायझेपाम 10, लोराझेपाम 1 किंवा क्लोनाझेपाम 0.5. चिठ्ठीवरचा 10 हा आकडा पाहून घरचे घाबरतात आणि परस्पर गोळी अर्धी करतात. मग जुनं औषध गेलेलं, नवं अपुरं. घाम, थरथर, रात्रभर जाग सुरू होते आणि कधी फिटही येते. अशी बरोबरी दाखवणारे तक्तेही एकसारखे नाहीत, काहींत डायझेपामचा आकडा निम्मा असतो. म्हणून डॉक्टर तक्त्यावरून फक्त सुरुवात ठरवतात, पुढचं पेशंट पाहून.

पण मला जास्त भीती वाटते ती साठण्याची. रक्तातलं अल्प्राझोलम निम्मं व्हायला साधारण 11 तास लागतात. डायझेपामला 20 ते 100 तास लागतात, आणि शरीरात त्यापासून जो घटक तयार होतो तो त्याहूनही रेंगाळतो. रोज तीच गोळी घेतली तरी पातळी दोनेक आठवडे चढतच राहते. उमेदीच्या काळात मी एका वयस्कर बाईंचे सगळे डोस एका दिवसात बदलले होते. पहिले तीन दिवस त्या छान होत्या, मीही निश्चिंत झाले. सहाव्या दिवशी दुपारी झापड आली, उठताना तोल गेला आणि मनगट मोडलं. पहिल्या दोन दिवसांवरून 'सोसलं' असं मी तेव्हापासून कधीच म्हणत नाही.

म्हणून एकेक डोस बदलायचा. बहुतेक वेळा रात्रीचा आधी, कारण थोडी जास्त झोप आली तरी माणूस अंथरुणातच असतो. सकाळ-दुपारचं अल्प्राझोलम तसंच चालू ठेवायचं, आठवडाभर पाहायचं, मगच पुढचा डोस. यात दोन-चार आठवडे सहज जातात. जाऊ द्या. डायझेपाम कमी करणं त्यानंतर, तेही साधारण दर दोन ते चार आठवड्यांनी 5 ते 10 टक्के.

वडिलांना यकृताचा त्रास आहे का, श्वास कोंडतो का, दारू किंवा ट्रामाडॉलसारखी वेदनाशामक गोळी चालू आहे का, हे डॉक्टरांनी विचारलं नाही तरी त्यांना सांगा. अ‍ॅसिडिटीसाठीचं ओमेप्राझोलही सांगा, त्यानं डायझेपामचा निचरा मंदावतो. यकृत कमजोर असेल तर डायझेपामऐवजी लोराझेपामचा विचार होतो, कारण यकृतातली त्याची वाट सोपी असते.

जीभ जड झाली, चालताना भेलकांडले किंवा दिवसा झोप अनावर झाली तर पुढचा डोस देण्याआधी डॉक्टरांना फोन करा. हाक मारून जागे होत नसतील, श्वास संथ वाटला किंवा फिट आली, तर थेट इस्पितळात न्या. आणि अल्प्राझोलमच्या उरलेल्या स्ट्रिप्स आजच तुमच्या कपाटात ठेवा. अर्धवट झोपेत जुनी-नवी दोन्ही घेतली गेलेली मी पाहिली आहेत.