नाशिकच्या उपनगरातल्या शाळेचा इतिहास कशावरून लिहायचा?

तुमचा प्रश्न असा की, तुमची शाळा नाशिकच्या उपनगरातली, पुढच्या वर्षी तिचा सुवर्णमहोत्सव आहे. फलकावर एक साल, जुनी माणसं सांगतात दुसरंच. मग खरं कोणतं, आणि स्मरणिकेत इतिहास लिहायचा तो कशावरून?

आधी एक गंमत. नाशिककराला ‘उपनगर’ म्हटलं की तो सरळ उपनगर नाक्याचा रस्ता दाखवतो, कारण त्या नावाची वस्तीच इथे आहे. तुम्ही तेच उपनगर म्हणताय की सिडको-सातपूर-नाशिकरोडकडचं काही, ते कळलं नाही. उत्तराला फरक पडत नाही.

मी नाशिकरोडच्या एका अनुदानित शाळेत ३१ वर्षं लिपिक होतो. आमच्या स्मरणिकेच्या वेळी सालाचा घोळ माझ्याच गळ्यात पडला होता. तेव्हा समजलं की आपल्याकडच्या शाळेला एक वाढदिवस नसतो, चार-पाच असतात. संस्थेची नोंदणी एका वर्षी (१८६० चा सोसायटी कायदा आणि १९५० चा सार्वजनिक विश्वस्त कायदा, कागद धर्मादाय कार्यालयात). आठवीचा पहिला वर्ग कुणाच्या तरी वाड्यात नाहीतर देवळाच्या सभामंडपात भरला, तो दुसऱ्या वर्षी. शिक्षण खात्याची मान्यता त्यानंतर, अनुदान आणखी पुढे, आणि शालान्त परीक्षेला पहिली तुकडी बसली ती सगळ्यात शेवटी. फलकावरचं साल बहुतेक वेळा संस्थेचं असतं, कारण ते सगळ्यात जुनं. कार्यकारिणीला जुनंच आवडतं.

मी मानतो तो वाढदिवस म्हणजे जनरल रजिस्टरमधल्या (मुलांच्या दाखल होण्याच्या आणि शाळा सोडण्याच्या नोंदवहीतल्या) पहिल्या नोंदीचा प्रवेश दिनांक. मुलगा दाखल झाला म्हणजे शाळा झाली, बाकी सगळे कागद. यूडायसवर, म्हणजे शाळांच्या माहितीच्या सरकारी नोंदणीत (नाशिक जिल्ह्यातल्या शाळांचा क्रमांक २७२० ने सुरू होतो), स्थापनेचं साल दिसतं, पण ते कुणीतरी आमच्यासारख्याच कारकुनाने घाईत भरलेलं असतं. त्यावर विसंबू नका.

जनरल रजिस्टर शाळेला कायम जपावं लागतं, त्यामुळे बाकी काही नसलं तरी ते असतंच. मुख्याध्यापकांची परवानगी काढा आणि निवांत बसून वाचा. जन्मस्थळ आणि आधीची शाळा हे दोन रकाने म्हणजे तुमच्या वस्तीचा इतिहास. नाशिकरोडची इंडिया सिक्युरिटी प्रेस १९२५ ची, करन्सी नोट प्रेस १९२८ ची. त्यामुळे आमच्याकडे प्रेस कामगारांची मुलं पहिल्यापासून होती. त्यांच्या जोडीला देवळाली गाव, विहितगाव, चेहेडीची. सत्तरनंतर जन्मस्थळात सिन्नर, निफाड, येवला दिसू लागतात, मग अमळनेर, चोपडा, शिरपूर. सातपूर-अंबडच्या एमआयडीसीने आणि सिडकोच्या घरांनी खानदेश इकडे आणला तो असा, एकेका ओळीने. ‘आधीची शाळा’ रकान्यात नगरपालिकेच्या शाळा हळूहळू मनपाच्या होतात. ७ नोव्हेंबर १९८२ ला नाशिक, नाशिकरोड-देवळाली आणि सातपूर या नगरपालिका एकत्र होऊन महापालिका झाली, त्याची ही सावली. सातवीपर्यंत पालिकेची शाळा आणि आठवीपासून आमच्यासारखी संस्थेची, हाच त्या काळचा ठरलेला मार्ग होता. पालिकेची स्वतःची माध्यमिक शाळा क्वचितच असायची.

जन्मतारखांवर मात्र फार भिस्त ठेवू नका. जुन्या पानांवर निम्मी मुलं १ जूनची! पहिलीत नाव घालायला आलेल्या बापाला तारीख ठाऊक नसली की गुरुजी शाळा उघडण्याच्या हिशेबाने ती लिहून मोकळे व्हायचे. पुढे तीच दाखल्यावर, तीच नोकरीत. आमच्या शाळेतले तीन शिक्षक एकाच दिवशी निवृत्त झाले ते याच कृपेने.

‘शाळा सोडल्याचे कारण’ हा रकाना वाचताना मी सगळ्यात जास्त थांबलो. बदली, उत्तीर्ण, हे नेहमीचं. पण ‘सतत गैरहजर’ अशी नोंद असलेल्या मुलींची नावं घेऊन जुने हजेरीपट पाहिले, तर बऱ्याच जणींच्या गैरहजेरीची सुरुवात ऑक्टोबरात सापडली, म्हणजे द्राक्षाच्या छाटणीत. उरलेल्यांची जानेवारीनंतर, काढणी सुरू झाली की. वर्तणूक सगळ्यांची ‘चांगली’. रजिस्टरमध्ये वाईट वर्तणुकीचा मुलगा मी पाहिलेला नाही, वर्गात पुष्कळ पाहिले.

दुसरी वस्तू म्हणजे शेरेबुक. तपासणीला आलेले साहेब त्यात काय दिसलं ते लिहून जात. आमच्या शेरेबुकात गळक्या पत्र्यांबद्दल आठ वर्षांत पाच वेळा लिहिलेलं होतं, आणि प्रयोगशाळेतला सूक्ष्मदर्शक कपाटाबाहेर काढावा, असंही. स्मरणिकेत छापलेल्या ‘सुसज्ज प्रयोगशाळे’पेक्षा हे खरं. कार्यकारिणीने अर्थात ते गाळलं.

जुने निकाल काढाल तेव्हा एक ध्यानात असू द्या. १९७५ मध्ये नव्या पद्धतीच्या दहावीची पहिली शालान्त परीक्षा झाली, त्याआधी मॅट्रिक अकरावीला असे. त्याआधीच्या शाळांत ‘पहिल्या तुकडी’चा वाद बहुधा इथेच अडकतो. कुणी अकरावीची तुकडी पहिली धरतं, कुणी दहावीची.

आणि हो, रजिस्टरमधली जात, जन्मतारीख, नापासाचे शेरे छापू नका. माणसं हयात असतात, नातवंडं स्मरणिका वाचतात.

जायचं तर दिवाळीनंतर जा. जूनमध्ये दाखल्यांची गर्दी असते, तेव्हा कारकून तुम्हाला उभंही करणार नाही. आधी निवृत्त शिपायाला गाठा. पहिलं रजिस्टर कोणत्या कपाटात, कोणत्या गठ्ठ्याखाली आहे, ते मुख्याध्यापकांना माहीत नसतं, त्याला असतं.