ट्रॅक डेला नेणाऱ्या गाडीचं इंजिन ऑइल किती किलोमीटरनंतर बदलावं?

तुमची परिस्थिती मला अशी समजली: एक लिटरची टर्बो पेट्रोल हॅचबॅक, रोज पुण्यात ऑफिसला, वर्षातून तीन-चार वेळा ट्रॅक डे, म्हणजे आपली गाडी रेस ट्रॅकवर पळवण्याचा दिवस. मॅन्युअल म्हणतं १५,००० किलोमीटर किंवा एक वर्ष. मित्र म्हणतात प्रत्येक ट्रॅक डेनंतर ऑइल काढून टाक.

मी यातलं काहीच करणार नाही. दोन-तीन ट्रॅक डे, ५,००० किलोमीटर किंवा सहा महिने, जे आधी होईल तेव्हा ऑइल बदला. फिल्टर आणि ड्रेन प्लगचा वॉशर दर वेळी नवा. प्रत्येक ट्रॅक डेनंतर ऑइल बदलणं रेसच्या गाडीला ठीक आहे. तुमच्या गाडीत तोच पैसा ब्रेक पॅडला लावलात तर जास्त उपयोगी पडेल.

आता हे किलोमीटरवर का ठरत नाही ते बघा. समजा तुम्ही कोइम्बतूरजवळ करी मोटर स्पीडवेला गाडी चालवत नेलीत. जाऊन-येऊन दोन हजारांच्या वर किलोमीटर होतात. ट्रॅकचा एक लॅप २.१ किलोमीटरचा. वीस-वीस मिनिटांची चार सेशन केलीत तरी दिवसाचे शंभर-एकशेदहा किलोमीटर भरतात. म्हणजे ओडोमीटरवर जे आकडे वाढले त्यातले जवळजवळ सगळे हायवेचे, आणि हायवे हे ऑइलसाठी सगळ्यात सोपं काम. ऑइलची खरी परीक्षा त्या शंभर किलोमीटरमध्ये झाली, आणि ओडोमीटरला त्याचा पत्ताच नाही.

त्यापेक्षा किती पेट्रोल जळलं ते बघणं प्रामाणिक. इंजिनात उष्णता येते ती पेट्रोलमधूनच. अशी गाडी हायवेला लिटरला सतरा-अठरा देते, ट्रॅकवर पाच-सहा. त्या ऐंशी मिनिटांत वीस लिटरच्या आसपास जातं. हायवेवर तेवढंच पेट्रोल संपायला साडेतीन-चार तास लागतात. उष्णता तेवढीच, पण साधारण तिसऱ्या हिश्श्याएवढ्या वेळात कोंबलेली. म्हणून हायवेला ९०-१०० अंशांवर राहणारं ऑइल ट्रॅकवर १२०-१३० पर्यंत जातं. तापमान दर दहा अंशांनी वाढलं की ऑक्सिडेशनचा, म्हणजे हवेतल्या ऑक्सिजनमुळे ऑइल खराब होण्याचा, वेग साधारण दुप्पट होतो, हा रसायनातला जुना ढोबळ नियम इथे लागू पडतो. मी स्वतः ट्रॅकचा एक किलोमीटर रस्त्याच्या दहाएवढा धरतो. शास्त्रीय नाही, पण हिशोबाला पुरतं: एक ट्रॅक डे म्हणजे हजार-अकराशे किलोमीटर.

टर्बो डायरेक्ट इंजेक्शनमध्ये, म्हणजे पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये फवारणाऱ्या इंजिनात, आणखी एक भानगड आहे. पूर्ण थ्रॉटलला मिश्रण रिच होतं, म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल जास्त, आणि थोडं पेट्रोल सिलिंडरच्या भिंतीवरून खाली, ऑइल साठतं त्या चेंबरमध्ये उतरतं आणि ऑइल पातळ करतं. ट्रॅकवरून हायवेने घरी आलात तर त्यातलं बरंचसं उडून जातं. पण कोथरूड ते डेक्कन असं रोजचं पाच किलोमीटरचं ऑफिस असेल तर ऑइल नीट तापतच नाही, आणि पेट्रोल, पाणी दोन्ही आत साचत राहतात. खरं सांगायचं तर तुमच्या ऑइलचे हाल ट्रॅकइतकेच या रोजच्या फेऱ्यांमध्ये होत असतील. सहा महिन्यांची अट मी त्यासाठीच घातली.

ऑइल काळं पडलं म्हणून ते गेलं, असं समजू नका. काळं पडणं म्हणजे काजळी आणि घाण ते धरून ठेवतंय, जे त्याचं कामच आहे. डिपस्टिकला पेट्रोलचा वास येत असेल किंवा टॉप-अप न करता पातळी वाढलेली दिसली, तर मात्र दिवस मोजत बसू नका, बदला. अगदी खात्री हवी असेल तर वापरलेल्या ऑइलचा नमुना लॅबला द्या. कारखाने आणि मोठ्या मशीनवाले हे नेहमी करतात. १०० अंशांवरची व्हिस्कॉसिटी (जाडपणा), पेट्रोलचं प्रमाण, लोखंड, तांबं आणि सिलिकॉन एवढं बघितलं तरी पुरे. सिलिकॉन जास्त आलं तर एअर फिल्टरकडे बघा, धूळ आत जातेय.

पण तुम्ही न विचारलेली गोष्ट यापेक्षा महत्त्वाची आहे: पातळी. ट्रॅकवर इंजिन जातं ते बहुतेक वेळा ऑइल जुनं होतं म्हणून नव्हे, तर कमी होतं म्हणून. लांब वळणात ऑइल चेंबरच्या एका बाजूला चढतं, पिकअप (पंपाचं ऑइल ओढणारं तोंड) उघडा पडतो, पंप हवा ओढतो आणि बेअरिंगवरची ऑइलची फिल्म तुटते. त्याला दोन सेकंदही पुरतात. वर चढ्या आरपीएमवर टर्बो गाडी थोडं ऑइल पितेच. म्हणून ट्रॅकला जाताना पातळी मॅक्सच्या खुणेवर हवी, आणि प्रत्येक सेशननंतर गाडी सपाटीला उभी करून पाच-दहा मिनिटांनी डिपस्टिक बघा. मॅक्सच्या वर मात्र ओतू नका. क्रँक त्यात आपटून फेस करते आणि फेसाने बेअरिंगला वंगण मिळत नाही. त्याच ऑइलचा एक लिटरचा डबा डिकीत ठेवा.

ग्रेडबद्दल. डब्यावरच्या ग्रेडमधला शेवटचा आकडा जितका मोठा, तितकं तापल्यावर ऑइल जाड. गाडीला ०डब्ल्यू-२० सांगितलं असेल तर त्याचं कारण मायलेज आहे, आणि रोजच्या वापरात ते बरोबरच आहे. १५० अंशांवर आणि प्रचंड वेगाने घासलं जात असताना ऑइल किती जाड राहतं याचं एक मोजमाप असतं, एचटीएचएस. २० ग्रेडला ते किमान २.६ लागतं, ३० ला २.९, ५डब्ल्यू-४० ला ३.५. ट्रॅकवर हा फरक जाणवतो. फोर्डने मस्टँग जीटीला ५डब्ल्यू-२० दिलं, पण त्याच घराण्यातलं इंजिन असलेल्या, ट्रॅकसाठीच्या मस्टँग बॉस ३०२ ला ५डब्ल्यू-५०. तरी तुम्ही थेट ५० वर उडी मारू नका. मॅन्युअलमध्ये ज्या ग्रेड मान्य आहेत त्यातली जाड घ्या, डब्यावर गाडीच्या कंपनीचा अप्रूव्हल कोड बघा, आणि किमान एपीआय एसपी (अमेरिकन पेट्रोलियम इन्स्टिट्यूटचा दर्जा) आहे ना ते तपासा. २०२० मध्ये आलेल्या या दर्जात टर्बो डायरेक्ट इंजेक्शन इंजिनांना होणाऱ्या कमी आरपीएमवरच्या अवेळी ज्वलनाची चाचणी आहे. ब्रँडवर वाद घालण्यात अर्थ नाही. योग्य कोडचं महागडं ऑइल वर्षभर चालवण्यापेक्षा योग्य कोडचं साधं सिंथेटिक दोनदा बदललेलं मला जास्त पटतं.

पाण्याच्या तापमानाचा काटा मध्यावर आला म्हणजे ऑइल तापलं असं नाही. ते मागून येतं, म्हणून पहिले दोन-तीन लॅप हळू घ्या. शेवटचा लॅपही हळूच, टर्बोसाठी. काही जर्मन गाड्यांच्या डिस्प्लेवर ऑइलचं तापमान दिसतं. दिसत असेल तर मी १३० च्या पुढे गेलं की पिटमध्ये येतो.

वॉरंटी चालू असेल तर कंपनीची सर्व्हिस वेळेवर कराच, मधल्या ऑइल चेंजची बिलंही जपा. ट्रॅकवर झालेलं नुकसान वॉरंटीत सहसा धरत नाहीत, हे पुस्तिकेत बारीक अक्षरात वाचून घ्या.

आणि ऑइल बदलायला गाडी रॅम्पवर चढेल तेव्हाच ब्रेक फ्लुइड बघून घ्या. नवं डॉट ४ किमान २३० अंशांना उकळतं, ओलावा शोषलेल्याची किमान मर्यादा १५५ वर येते. दोन पावसाळे काढलेलं फ्लुइड घेऊन ट्रॅकवर जाणार असाल, तर पहिला खर्च तिथे करा.