पहिल्या धुण्यात कळतं

"जय भीम मॅडम. आता तुमीच सांगा हिला काय ते. बुवाच्या नादी लागलीय."

खुर्चीत टेकायच्या आधीच भाऊ बोलून मोकळा झाला. सोलापुरात सात रस्त्याजवळच्या माझ्या समुपदेशनाच्या खोलीत दुपारी अडीचला ऊन थेट टेबलावर येतं. बहीण त्या उन्हाकडं बघत बसली होती. दवाखान्यात सिस्टर, वय पंचेचाळिशीच्या पुढं, सकाळची ड्यूटी संपवून थेट आलेली, पिशवीत रिकामा डबा. भाऊ अक्कलकोट रोडच्या एका यंत्रमाग कारखान्यात. (दोघांच्या परवानगीनं लिहितेय, आणि ओळख पटेल ते सगळं बदललंय.)

'बुवा' शब्दावर ताईंनी मान वर केली. "ते बुवा नाहीत दादा. आचार्य आहेत. धम्म शिकवतात."

"आजोबा छप्पन साली नागपूरला कशाला गेले होते? गुरू करायला?"

'आमचं माणूस ध्यानाच्या वर्गाला जातंय, तो वर्ग खरा की खोटा हे कसं ओळखायचं,' हा प्रश्न माझ्याकडं वर्षातून चार-पाच वेळा तरी येतो. पण बुधवार पेठेतल्या बौद्ध घरातून येतो तेव्हा त्याचा रंग वेगळा असतो. इथं बाबासाहेबांनी बुवाबाजीतून बाहेर काढल्याची आठवण ताजी आहे. १४ ऑक्टोबर १९५६ ही या घरांत नुसती तारीख नसते, ती आजोबांची गोष्ट असते. त्यामुळं भावाचा राग मला कळत होता. आणि ताईंचं म्हणणंही खोटं नव्हतं. "विहारात वंदना होते, जयंती होते, वर्षावासात ग्रंथवाचन होतं. पण नवरा गेल्यावर रात्री तीनला जाग यायची, तेव्हा श्वासाकडं कसं बघायचं हे मला कुणी शिकवलं? यांनी शिकवलं."

यावर भाऊ गप्प झाला. खरं तर मीही.

मग तपशील आले. जुळे सोलापुरातल्या एका बंगल्याचा हॉल, दर रविवारी तीसेक माणसं. पाच दिवसांच्या शिबिराला ११,००० रुपये, म्हणायला 'ऐच्छिक दान', पण कुणी किती दिलं ती यादी व्हॉट्सअॅप ग्रुपवर, मोठा आकडा वर. 'वरची' साधना फक्त निवडक लोकांना, आणि ती बाहेर बोलायची नाही. ताईंना आचार्यांनी एकांतात सांगितलेलं, तुझी पहिली पायरी पार झाली, तू सोतापन्न, म्हणजे मुक्तीच्या प्रवाहात शिरलेली. हे सांगताना त्यांच्या चेहऱ्यावर जो उजेड आला तो पाहून मला लगेच काही बोलवेना.

शेवटी, पिशवी उचलता उचलता, त्या म्हणाल्या, "आणि गोळ्या मी अर्ध्या केल्यात."

नवऱ्याच्या मृत्यूनंतर मानसोपचारतज्ज्ञांनी नैराश्यावरच्या गोळ्या सुरू केल्या होत्या. वर्गातल्या एक जुन्या साधिका म्हणाल्या होत्या की औषध पोटात आहे तोवर चित्त उघडत नाही. तीन आठवडे झाले होते. ड्यूटीवर चक्कर यायची, डोक्यात वीज चमकल्यासारखं व्हायचं, चिडचिड वाढली होती. ही औषधं एकदम कमी केली की असं होऊ शकतं हे सिस्टरला मी काय सांगणार? पण त्यांना वर्गात वेगळं कारण मिळालं होतं. "जुने विकार बाहेर पडतायत. चांगलं लक्षण आहे."

इथं मी थांबले, कारण माझ्या मते सगळ्या प्रकरणाची गाठ इथं आहे. बरं वाटलं तर विद्येमुळं, म्हणजे त्या साधनेमुळं. वाईट वाटलं तर विकार निघतायत म्हणून, म्हणजे तेही विद्येमुळंच. मग विद्या चुकतेय किंवा शिकवणारा चुकतोय, हे कधी कळणार? ताप उतरला तरी डॉक्टर हुशार आणि चढला तरी डॉक्टर हुशार, असा दवाखाना ताईंनी स्वतः चालू दिला नसता. मी तसं म्हटलं. त्या हसल्या नाहीत, पण दुसऱ्या दिवशी डॉक्टरांना भेटायचं कबूल केलं. गोळ्यांच्या बाबतीत मी वाट बघत नाही. बाकी सगळ्याला वेळ देता येतो.

भावाच्या कसोट्या मात्र बहुतेक चुकीच्या होत्या. "चीवर नाही, बायको-पोरं आहेत, हा कसला आचार्य?" आता, सत्यनारायण गोएंकांनी ज्यांच्याकडून विपश्यना घेतली ते सयाजी ऊ बा खिन ब्रह्मदेशाचे महालेखापाल होते, घरसंसारवाले. गृहस्थ असणं हा दोष नाही आणि चीवर ही हमी नाही. मोठं नाव तर मुळीच नाही. तिबेटी परंपरेतले सोग्याल रिन्पोचे जगभर गाजलेले होते. २०१७ मध्ये त्यांच्याच आठ जुन्या शिष्यांनी मारहाण, लैंगिक शोषण आणि पैशाच्या गैरवापराबद्दल पत्र लिहिलं, आणि २०१८ च्या स्वतंत्र चौकशीत त्यातलं बरंचसं खरं ठरलं. त्या शिष्यांतले काही वीस-वीस वर्षं त्यांच्याबरोबर होते.

"मग अंनिसवाल्यांना बोलावतो," भाऊ म्हणाला. २०१३ चा जादूटोणाविरोधी कायदा चमत्काराचे दावे, अघोरी प्रकार यांच्यावर आहे. इथं अंगारा नव्हता, दोरा नव्हता, अंगात येणं नव्हतं. सगळं नीटनेटकं, पाली गाथांसकट.

ताई म्हणाल्या, "मॅडम, तुम्हीच एकदा येऊन बघा ना."

मी गेले. आणि इथं माझी चूक सांगायला हवी. माणूस छान होता. आवाज खालचा, चुलीवर दूध तापत असावं तसा संथ. सगळ्यांना नावानं ओळखत होते, म्हाताऱ्या बाईला खुर्ची स्वतः उचलून दिली. तासभर आनापान, म्हणजे श्वासाकडं लक्ष देण्याचं ध्यान केलं, माझीही कितीतरी दिवसांनी मान मोकळी झाली. परत येताना रिक्षातूनच भावाला फोन लावला, "मला तर माणूस बरा वाटला."

तो पलीकडून म्हणाला, "मॅडम, दुकानात तर कुठलीबी चादर चांगलीच दिसती की. रंग पहिल्या धुण्यात कळतो."

चादरीच्या गावातल्या माणसानं मला बरोबर धरलं होतं. रात्री संयुत्त निकाय या पाली ग्रंथातली पसेनदी राजाची गोष्ट काढून पुन्हा वाचली. सावत्थीत पूर्वाराम विहाराजवळून जटाधारी, निगंठ (जैन साधू), नग्न तपस्वी, परिव्राजक असे सात-सात जण चाललेत. राजा उठतो, उपरणं एका खांद्यावर घेतो, गुडघा टेकून हात जोडतो, आणि भगवंतांना म्हणतो, जगात जे कोणी अर्हत, पूर्ण मुक्त झालेले आहेत त्यांतलेच हे. भगवंत म्हणतात, महाराज, तुम्ही संसारी माणूस, तुम्हाला हे ओळखणं अवघड. शील कळतं ते बरोबर राहिल्यावर, सचोटी कळते व्यवहारात, धीर कळतो संकटात, प्रज्ञा कळते चर्चेत. आणि तेही पुष्कळ काळानं, लक्ष देणाऱ्याला. तेव्हा राजा कबूल करतो की हे सगळे त्याचेच हेर आहेत, देशभर टेहळणी करून परत आलेत. आता आंघोळ करतील, दाढी-जटा उतरवतील आणि मजेत राहतील.

राजानं ती गोष्ट मुद्दाम परीक्षा घ्यायला केली की काय, हा प्रश्न मला नेहमी पडतो. असो. पण तासाभराच्या भेटीत मी जे केलं, ते उपरणं खांद्यावर घेऊन गुडघा टेकण्यासारखंच होतं.

पुढच्या भेटीत ताईंना मी 'वर्ग सोडा' म्हटलं नाही. सोडायला सांगितलं की माणूस आणखी घट्ट धरतो, आणि मग आमच्यासारख्यांना 'विरोधक' म्हणून बाजूला ठेवता येतं. मी म्हटलं, तीन छोट्या गोष्टी करून बघा. एक रविवार जाऊ नका, कारण सांगू नका. ११,००० ची पावती मागा, न्यासाचा नोंदणी क्रमांक असलेली. आणि गोळ्यांबद्दल आचार्यांना स्वतः, समोरासमोर विचारा. त्या अस्वस्थ झाल्या. "हा संशय झाला मॅडम. विचिकिच्छा. पाच नीवरणांतलं, ध्यानातल्या अडथळ्यांतलं एक."

हा मुद्दा त्यांच्या वर्गात सारखा सांगितला जात होता. नीवरणांत विचिकिच्छा आहे, खरंच आहे. पण केसपुत्त गावच्या कालाम लोकांनी विचारलं, इतके श्रमण येतात, प्रत्येक जण आपलंच खरं म्हणतो, आम्ही कुणाचं मानायचं, तेव्हा बुद्धांनी पहिलं वाक्य काय म्हटलं? 'अलं हि वो कालामा कङ्खितुं, अलं विचिकिच्छितुं.' तुम्ही शंका घेणं योग्यच आहे. तोच शब्द. आणि ज्या दहा गोष्टींवर विसंबू नका म्हटलं त्यांतली शेवटची, 'हा श्रमण आमचा गुरू आहे' ही. मज्झिम निकायातल्या वीमंसक सुत्तात तर भिक्खूनं खुद्द तथागतांनाच डोळ्यांनी आणि कानांनी तपासून घ्यावं असं सांगितलंय. प्रसिद्धी मिळाल्यावर माणसात काही खोट आली का हेही बघायचं. आसनावर बसल्यावर मन डळमळतं ती विचिकिच्छा वेगळी, आणि पावती मागणं वेगळं.

सोतापन्नाचं मी अवघडत बोलले, कारण तो उजेड मला आठवत होता. एवढंच सांगितलं की विनयात, म्हणजे संघाच्या नियमांत, भिक्खूनं सिद्धीचा खोटा दावा केला तर तो संघातून कायमचा बाहेर. आणि खरी सिद्धी असली तरी ती गृहस्थाला सांगणं दोष आहे. ज्या परंपरेनं या गोष्टीला एवढं झाकून ठेवलं, तिथं ती एकांतात वाटली जात असेल तर थोडं थांबून बघावं. शिवाय महापरिनिब्बान सुत्तात आनंदाला सांगितलेलं आहेच की तथागतांकडं 'आचार्याची मूठ' नाही, हातात दडवून ठेवलेलं काही नाही. मग 'वरचं' बाहेर बोलायचं नाही ते कशासाठी?

महिनाभरानं त्या एकट्या आल्या.

रविवार चुकवल्यावर संध्याकाळपर्यंत सात फोन. सोमवारी दोन साधिका घरी. 'मार अडवतोय तुम्हाला.' मार म्हणजे साधनेत विघ्न आणणारा. पुतणीच्या साखरपुड्याला गेले होते म्हटल्यावर, 'तेच ते, बंधनं.' पावती म्हणून कुपनासारखा कागद मिळाला, त्यावर क्रमांक नाही. नोंदलेला सार्वजनिक न्यास असेल तर विश्वस्त कोण, मालमत्ता काय याची माहिती धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयात बघायला मिळते. इथं बघायला काही नव्हतं. 'हिशेब मागितला की दानाचं पुण्य उरत नाही,' असंही ऐकवलं गेलं.

आणि गोळ्यांचं? आचार्य अगदी शांतपणे म्हणाले होते, "मी कुणालाच औषध बंद करायला सांगत नाही." ताईंना हायसं वाटलं. पण त्या साधिकेला त्यांनी काही विचारलं नाही, वर्गात तसं जाहीर सांगितलं नाही. उलट पुढच्या रविवारी धम्मदेसनेत एक गोष्ट सांगितली, नाव न घेता, 'काही लोक देवळात आले तरी चपलांकडंच बघत बसतात.' सगळे हसले. ताईंना कळलं कुणाबद्दल आहे.

"मॅडम, पैशाचं मला काही वाटलं नाही. पण मी एकटीनं, दार लावून विचारलं होतं. ते हॉलमध्ये आलं."

मी फार काही बोलले नाही. त्या मनात ठरवून आल्या होत्या. मध्येच रडल्या, आणि ते रडणं आचार्यांसाठी कमी, हॉलमधल्या माणसांसाठी जास्त होतं. हे घरच्यांना कळत नाही. 'सुटलीस एकदाची' म्हणतात, आणि तिला मात्र नवऱ्यानंतर दुसऱ्यांदा घर रिकामं झालेलं असतं. मंगळवार बाजारात त्यांतल्या दोघी भेटल्या आणि भाजीकडं बघत पुढं गेल्या, हे सांगताना त्यांचा आवाज बसला.

"तेव्हा मला खरंच बरं वाटलं होतं. ते खोटं होतं का?"

"नाही. श्वास तुमचाच होता."

त्यांनी विचारलं म्हणून पुढचंही सांगितलं. गोएंकांच्या इगतपुरीच्या परंपरेतली दहा दिवसांची शिबिरं फी घेत नाहीत, दान घेतात तेही शिबिर पूर्ण केलेल्यांकडूनच. अर्जात मानसिक आजार आणि औषधांबद्दल विचारतात. तिथंही अर्जात खरं लिहायचं, गोळ्या लपवायच्या नाहीत. आणि दुःख इतकं ओलं असताना दहा दिवसांचं मौन झेपेल का हे डॉक्टरांना विचारून मगच. डॉक्टर 'सध्या नको' म्हणाले. रोज पहाटे ड्यूटीला जायच्या आधी वीस मिनिटं घरीच बसायचं ठरलं, पूर्ण गोळ्यांसकट.

परवा भाऊ आला होता, दुसऱ्याच कामाला. म्हणाला, आमच्या विहारात रविवारी सकाळी आनापान चालू केलंय, हिनंच कमिटीच्या मागं लागून. त्यानं हात पसरून दाखवलं, "पाच माणसं, एक सतरंजी, चहाचा थर्मास. चहाचे पैसे माझ्या खिशातले. अन् ही पहिल्याच दिवशी म्हणती, दादा, हिशेबाची वही कुठाय?"