वाचकांचे प्रश्न : सिलिंडर उघडताना डोळ्यात कण गेला

प्रश्न : माझा धाकटा भाऊ फॅब्रिकेशनच्या वर्कशॉपमध्ये गॅस वेल्डिंग करतो. चार दिवसांपूर्वी ऑक्सिजनचा सिलिंडर उघडताना झोताबरोबर त्याच्या डोळ्यात काहीतरी उडाले. गॉगल कपाळावर होता. डोळा लाल आहे, खुपतो, पण दिसते नीट. मालक म्हणतात, एरंडेलाचा थेंब टाक. डॉक्टरांकडे न्यावेच लागेल का?
– एक वाचक, चाकण

उत्तर : होय, आणि आजच न्यावे. वेगाने आलेला बारीक धातूचा कण बुबुळावरचा पारदर्शक पडदा भेदून आत जातो तेव्हा जखम इतकी लहान असते की फारसे दुखत नाही आणि सुरुवातीला दृष्टीही शाबूत राहते; मात्र लोखंडाचा कण आत राहिला तर तो हळूहळू गंजून दृष्टिपटलाला कायमची इजा करू शकतो. कण सिलिंडरच्या तोंडातून आला, तो धातूचा असू शकतो, हे नेत्रतज्ज्ञांना आवर्जून सांगावे, कारण अशा वेळी एक्स-रे किंवा सीटी स्कॅन करतात. धातू नाही याची खात्री होईपर्यंत एमआरआय टाळतात, कारण त्यातील चुंबकाने कण हलू शकतो. तोवर डोळा चोळू नये, दाबू नये, आणि एरंडेल तर मुळीच घालू नये.

आता सिलिंडरविषयी. भरलेल्या ऑक्सिजन सिलिंडरमधील दाब साधारण 150 बार असतो. रेग्युलेटर बसवण्यापूर्वी व्हॉल्व्ह क्षणभर किंचित उघडून तोंडातील धूळ उडवून टाकायची असते. पण ते करताना तोंड कोणाकडेही वळलेले नसावे आणि जवळ ज्योत नसावी. तुमच्या भावाच्या बाबतीत बहुधा इथेच चुकले असावे. रेग्युलेटर बसवल्यावर त्याचा दाबाचा स्क्रू पूर्ण सैल करून, गेजच्या समोर न राहता बाजूला उभे राहून, व्हॉल्व्ह अगदी सावकाश उघडावा. तो झटक्यात उघडला तर रेग्युलेटरमधील वायू एकाएकी दाबला जाऊन प्रचंड तापतो, आणि तिथे तेला-ग्रीसचा अंश असेल तर भडका उडतो. म्हणून तेलकट हातमोजे घालून ऑक्सिजनच्या जोडणीला हात लावू नये.

गॉगल कपाळावर ठेवल्याबद्दल भावाला दोष देणे मला पटत नाही. वेल्डिंगच्या गडद काचेतून व्हॉल्व्ह नीट दिसत नाही, त्यामुळे कामगार तो वर सारतोच. बाजूंनी झाकलेला पारदर्शक चष्मा वेगळा द्यावा, किंवा गडद काच वर उचलल्यावर खाली साधी काच राहील असा गॉगल द्यावा. दोन्ही महाग नाहीत. उडणाऱ्या कणांपासून व अतितीव्र प्रकाशापासून कामगारांच्या डोळ्यांच्या संरक्षणाची तरतूद 1948 च्या कारखाने अधिनियमातील कलम 35 ने केली होती, हे मालकांच्या कानावर घालावे. शिवाय ही इजा अपघात नोंदवहीत आजच लिहून घ्यावी. पुढे उपचार लांबले तर भरपाई मागताना तीच नोंद उपयोगी पडेल.