इमोशनल डिझाइनला ‘भावनिक रचना’ म्हणावं का?

प्रश्न असा आहे की यूएक्सच्या, म्हणजे ॲप किंवा वस्तू वापरणाऱ्याचा अनुभव घडवण्याच्या, कामात ‘इमोशनल डिझाइन’ म्हणतात त्याला मराठीत ‘भावनिक रचना’ चालेल का, आणि त्याला जोडूनच दुसरा, की मराठी ॲपमध्ये ‘अवैध पासवर्ड’ असं दिसलं की एवढं का खटकतं. दोन्ही एकत्रच घेतो.

‘भावनिक’ मला इथे नको वाटतो. आज आपण तो वापरतो कुठे? भावनिक आवाहन, भावनिक राजकारण, ‘उगाच भावनिक होऊ नकोस’. डिझाइनचे अभ्यासक डॉन नॉर्मन यांनी २००४ मध्ये ‘इमोशनल डिझाइन’ नावाचं पुस्तक लिहिलं त्यात असलं काही नाहीये, ते तीन थर सांगतात, वस्तू बघताक्षणी कशी वाटते, वापरताना कशी वाटते आणि नंतर तिच्याबद्दल विचार करताना, चारचौघांत सांगताना काय वाटतं. फिलिप स्टार्क या डिझायनरच्या तीन लांब पायांच्या लिंबू-स्क्वीझरचं उदाहरण त्यांनी दिलंय, रस काढायला फार सोयीचा नाही पण लोक हौसेनं घरात मांडून ठेवतात. ही हौस ‘भावनिक’मध्ये मावत नाही. लेखात शब्द हवाच असेल तर ‘भावलक्षी’ करा, पूर्वलक्षी, मूल्यलक्षीच्या धर्तीवर. बोलताना सरळ इमोशनल डिझाइन म्हणा, कळतं सगळ्यांना.

आता ‘अवैध’. पेपरात हा शब्द कुठे भेटतो? अवैध वाळू उपसा, अवैध दारू, अवैध बांधकाम. आणि कुणा आजींनी मोबाइल नंबरातला एक आकडा गाळला तर ॲप म्हणतं ‘अवैध क्रमांक प्रविष्ट केला आहे’! त्या बिचाऱ्या घाबरून फोनच खाली ठेवतील. ‘एक आकडा कमी पडतोय, नंबर दहा आकडी हवा’ एवढं म्हटलं की झालं.

मला खरं सांगायचंय ते क्रियापदांबद्दल. मराठीत ‘राहणं’ आणि ‘चुकणं’ ही दोन क्रियापदं अशा वेळी फार कामाची आहेत. ‘तुम्ही पिनकोड भरला नाही’ हे बोट दाखवणं झालं, ‘पिनकोड भरायचा राहिलाय’ म्हटलं की माहिती तीच पण दोष कुणाच्याच माथी नाही. तसंच ‘तुम्ही चुकीचा पासवर्ड टाकला’ऐवजी ‘पासवर्ड चुकला’. घरात आपण असंच बोलतो, ‘गॅस बंद करायचा राहिला’. रंग, ॲनिमेशन, हसरी चित्रं यावर आठवडे घालवणाऱ्या टीमनी एक दुपार नुसत्या क्रियापदांना द्यावी असं मला मनापासून वाटतं, क्रिएटिव्हिटी तिथेही लागते.

पण हीच सोय कंपनीनं स्वतःसाठी वापरू नये. पैसे खात्यातून कापले गेलेत, समोरच्याला पोचले नाहीत आणि स्क्रीनवर नुसतं ‘व्यवहार अयशस्वी झाला’, तर ती पळवाट आहे. तिथे कर्ता हवाच: ‘आमचा सर्व्हर बंद पडलाय, आम्ही पैसे परत करतोय, कधीपर्यंत येतील ते खाली दिलंय.’ आणि खाली खरोखर तारीख पाहिजे.

राहता राहिलं तू की तुम्ही. तरुणांच्या ॲपला ‘तू’ हवं असा आग्रह बऱ्याचदा दिसतो, जवळीक वाटते म्हणून. पण ‘काय शोधतोयस?’ लिहिलं की समोर पुरुष आहे असं गृहीत धरलं, बाईला ‘शोधतेयस’ लागतं. ‘काय शोधताय?’ दोघांनाही चालतं. ‘तुम्ही’नेही सगळं सुटत नाही बरं का, ‘तुम्ही लॉग आउट झाला आहात’ बाईला ‘झाल्या आहात’ लागेल. ‘तुम्ही लॉग आउट केलंय’ लिहा, तिथे क्रियापद तुमच्या लिंगाप्रमाणे बदलतच नाही. आणि ‘प्रविष्ट करा’ काढून टाका हो, ओटीपी आपण सगळे ‘टाकतो’.