‘ट्रीटेबल’ म्हणजे बरा होणारा नव्हे

प्रश्न : माझे मेहुणे इंग्लंडमध्ये लेस्टरला असतात. त्यांचा प्रोस्टेटचा कर्करोग हाडांत पसरला आहे. तेथील तज्ज्ञाने त्यांच्या नेहमीच्या डॉक्टरांना लिहिलेल्या पत्राची प्रत घरी आली असून तीत ‘ट्रीटेबल बट नॉट क्युरेबल’ आणि ‘पॅलिएटिव्ह’ हे शब्द आहेत. बहीण म्हणते, डॉक्टर गोल गोल बोलत आहेत. भाची म्हणते, त्यांनी सगळे स्पष्टच सांगितले आहे. खरे काय समजावे? – एक वाचक, सांगली

उत्तर : भाचीचे म्हणणे खरे आहे, मात्र आपल्या बहिणीची गल्लतही समजण्यासारखी आहे. मराठीत आपण ‘यावर इलाज आहे’ असे म्हणतो, तेव्हा ऐकणारा ‘माणूस बरा होणार’ असेच धरून चालतो. इंग्रजीत ‘ट्रीट’ करणे आणि ‘क्युअर’ करणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि त्या पत्रातील ‘बट’ नेमका त्या दोहोंच्या मध्ये उभा आहे. आपल्याकडचा जुना शब्द येथे चपखल बसतो : औषधाला ‘गुण’ येईल, पण दुखणे मुळासकट जाणार नाही. या आजारात हार्मोन रोखणारी इंजेक्शने, काही प्रकारांत दर तीन महिन्यांनी, देतात आणि त्यांनी पुष्कळ रुग्णांचा रोग काही वर्षेही आटोक्यात राहतो.

‘पॅलिएटिव्ह’ या शब्दाने घरात धास्ती बसली असणार. त्याच्या मुळाशी ‘पॅलियम’, म्हणजे अंगावर घ्यायचे वस्त्र, हा लॅटिन शब्द आहे. रोग न हटवता त्रासावर पांघरूण घालणारा, असा त्याचा मूळ भाव. सिसिली साँडर्स यांनी 1967 मध्ये लंडनला सेंट ख्रिस्तोफर हे हॉस्पिस, म्हणजे अखेरच्या आजारातील रुग्णांची शुश्रूषा करणारे घर, सुरू केले. पुढे कॅनडातील माँट्रियलमध्ये डॉ. बाल्फोर माउंट यांना तसेच काम उभे करायचे होते, परंतु तेथील फ्रेंच भाषकांच्या कानाला ‘हॉस्पिस’ म्हणजे निराधारांचा आश्रम वाटे, म्हणून त्यांनी ‘पॅलिएटिव्ह केअर’ हे नाव घेतले. वाईट वास येणाऱ्या शब्दाऐवजी आणलेल्या शब्दालाही काही वर्षांत तोच वास लागावा, हे भाषेत नेहमीचेच. प्रत्यक्षात रोग आवळून धरणाऱ्या केमोथेरपीलाही ‘पॅलिएटिव्ह’ म्हणतात. अखेर जवळ आल्याचे सांगणारा शब्द ‘टर्मिनल’ हा आहे. ब्रिटनच्या सरकारी भत्त्यांच्या नियमांत आता त्याचा अर्थ साधारण 12 महिन्यांच्या आत मृत्यू संभवणे असा धरतात. आपण उद्धृत केलेल्या मजकुरात तो शब्द नाही.

आणखी एक. अशी बातमी देताना तेथील डॉक्टर ‘आय ॲम सॉरी’ म्हणतात, ती चुकीची कबुली नसते. आपण ‘फार वाईट वाटते’ म्हणतो, तेवढेच ते असते. पत्राच्या आरंभी मेहुण्यांना ‘प्लेझंट जंटलमन’ म्हटलेले आढळले, तर तोही तिकडच्या डॉक्टरी पत्रांतला निव्वळ शिष्टाचार समजावा.

याउलट वर्तमानपत्री इंग्रजी युद्धाची भाषा बोलते. अमेरिकेत राष्ट्राध्यक्ष निक्सन यांनी 1971 मध्ये कर्करोगविषयक कायद्यावर सही केली आणि ‘कर्करोगाविरुद्ध युद्ध’ हा शब्दप्रयोग रूढ झाला. मृत्युवार्तांत माणूस ‘लढाई हरला’ असे अजूनही छापतात. अनेक रुग्णांना ते खटकते, कारण गेलेला माणूस लढायला कमी पडला असा त्यातून अर्थ निघतो. आपल्याकडची ‘मृत्यूशी झुंज अपयशी ठरली’ ही ओळ मलाही तशीच खटकते. मेहुण्यांशी फोनवर बोलताना ‘लढा, हरू नका’ असे म्हणण्याचा मोह टाळावा. इंजेक्शननंतर थकवा येतो का, रात्री हाडे दुखतात का, हे विचारावे.

पुढच्या भेटीत डॉक्टर ‘व्हॉट मॅटर्स टू यू?’, म्हणजे तुमच्या दृष्टीने महत्त्वाचे काय, असे विचारण्याचा संभव आहे. त्यावर ‘बरे व्हायचे आहे’ एवढेच सांगितले, तर बोलणे तेथेच खुंटते. भारतात एकदा येऊन जायचे आहे, दुखणे सोसवत नाही, रुग्णालयापेक्षा घरी राहायचे आहे, असे जे मनात असेल ते मेहुण्यांनी आधी मराठीत लिहून ठेवावे आणि भाचीने ते इंग्रजीत सांगावे.